रंग ‘रन’ झाला, माग ‘रन’ झाला: एका इंग्रजी शब्दाचे अर्थ ओळखायची रीत

सोलापूरच्या चाटी गल्लीत, कापडबाजारात, दुकानदार ‘हा रनिंग कलर आहे’ म्हणाला की गिऱ्हाइकाला कळतं, हा रंग सध्या जोरात खपतोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातून हेच शब्द टॉवेलच्या नमुन्यासोबत परदेशी खरेदीदाराला गेले, तर तो वाचतो: या टॉवेलचा रंग जातो. आपण आपल्याच मालाला नावं ठेवलेली असतात, तीही कौतुकाच्या सुरात.

यात व्याकरण चुकलेलं नाही, स्पेलिंगही बरोबर आहे. चुकलं ते एवढंच, की शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ असं पाठ झालं आणि पुढचे अर्थ दुकानातून, कारखान्यातून, क्रिकेटच्या मैदानातून ऐकून ऐकून गोळा झाले. त्यातले काही अस्सल इंग्रजी, काही आपल्या बाजारात तयार झालेले. कोणता कुठला, हे ओळखायची रीत या लेखात आहे. सोबत वही घेऊन बसलात तर उत्तम.

शब्दाचा पसारा

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती, ४३० अर्थांची. पुढे नोंदी सुधारताना ‘रन’ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेले, नाम म्हणून होणारे वेगळेच. इतके अर्थ पाठ करणं कुणाच्या बापाला जमणार नाही आणि इंग्रजांनीही ते कधी पाठ केलेले नाहीत.

मग त्यांना कसं कळतं? आपल्याला ‘लागणे’ कळतं, तसंच. भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, निकाल लागला, दिवा लागला, आंबा गोड लागला, पोरगा कामाला लागला. एसटी स्टँडवर ‘गाडी लागली’ म्हणजे फलाटावर आली आणि घाटात ‘गाडी लागली’ म्हणजे पिशवी शोधायची वेळ आली. या दोन ‘लागली’मध्ये मराठी माणूस क्षणभरही अडखळत नाही, कारण तो एकट्या शब्दाकडे बघतच नाही. काय लागलं, कुणाला लागलं आणि कुठे, या तीन गोष्टींवरून अर्थ आपोआप उभा राहतो. ‘रन’लाही हेच प्रश्न विचारायचे, फक्त सुरुवातीला मुद्दाम, पायरी पायरीने.

पायरी पहिली: नाम आहे की क्रियापद

शब्दाच्या अगदी आधी काय आहे ते बघा. ‘अ’, ‘द’, ‘दिस’ किंवा एखादा आकडा असेल, तर तो नाम आहे: “अ लाँग रन”, “फिफ्टी रन्स”. आधी ‘टू’, ‘विल’, ‘कॅन’, ‘डोन्ट’ असेल किंवा थेट कर्ता असेल, तर क्रियापद.

फसवणारी जागा एकच. “दे हॅव रन” आणि “दे हॅव अ रन”. पहिल्यात ‘रन’ हे क्रियापदाचं तिसरं रूप आहे. रन, रॅन, रन: पहिलं आणि तिसरं रूप एकसारखं असल्यामुळे वाचताना गोंधळ होतो आणि लिहिताना “हॅज रॅन” अशी चूक होते. ‘हॅज’, ‘हॅव’, ‘हॅड’ आणि ‘इज’, ‘वॉज’ यांच्यानंतर कायम ‘रन’. ‘डिड’नंतरही ‘रन’. ‘रॅन’ येतो तो फक्त एकटा, साध्या भूतकाळात.

पायरी दुसरी: कर्ता कोण

इथे निम्मं काम होतं. क्रियापद ‘रन’ म्हणजे चार खोल्यांचं घर समजा. कोणत्या खोलीत शिरायचं ते कर्ता सांगतो.

माणूस किंवा जनावर कर्ता असेल आणि पुढे काही नसेल, तर धावणे, पळणे. ही खोली सगळ्यांना ठाऊक आहे.

यंत्र, गाडी, दुकान, कार्यक्रम कर्ता असेल, तर चालणे. “द लूम इज रनिंग”, माग चालू आहे. “द लूम रन्स ऑन थ्री-फेज पॉवर”, माग थ्री-फेजवर चालतो. इथला ‘ऑन’ महत्त्वाचा, कशाच्या जोरावर चालतं ते तो सांगतो: डिझेलवर, सीएनजीवर, बॅटरीवर. गाड्यांच्या बाबतीत आणखी एक भेद पाळा. रोजचं वेळापत्रक सांगायचं तर साधा वर्तमानकाळ: “सिद्धेश्वर एक्सप्रेस रन्स बिटवीन सोलापूर अँड मुंबई”. आज, आत्ता काय चाललंय ते सांगायचं तर चालू वर्तमानकाळ: “द ट्रेन इज रनिंग फॉर्टी मिनिट्स लेट”. आपल्याकडे “लेट बाय फॉर्टी मिनिट्स” सर्रास म्हणतात, समजतंही. पण लिहिताना मिनिटं आधी आणि ‘लेट’ नंतर हे जास्त नेमकं.

तिसरी खोली द्रवाची: वाहणे. नळ, नदी, नाक, शाई, घाम, मेण. मराठी माणसाला हा अर्थ ओढून-ताणून आणलेला वाटतो, प्रत्यक्षात तो शब्दाच्या मुळातलाच आहे. जर्मन भाषेत याच्या सख्ख्या भावंडाचा, ‘रिनेन’चा, अर्थ आजही वाहणे, पाझरणे असाच आहे. म्हणून “हिज नोज इज रनिंग” मध्ये नाक पळत नाही, वाहतं. रंगाचा ‘रन’ याच खोलीतला, त्याकडे पुढे सवडीने येऊ.

चौथी खोली अशा गोष्टींची, ज्या हलत नाहीत पण लांबवर पसरलेल्या असतात: रस्ता, भिंत, तार, किनार. मराठीत आपण इथे ‘जाणे’ वापरतो. “द पुणे–हैदराबाद हायवे रन्स थ्रू सोलापूर”, पुणे-हैदराबाद महामार्ग सोलापुरातून जातो. “अ रेड बॉर्डर रन्स अलाँग बोथ साइड्स”, दोन्ही बाजूंनी लाल काठ गेलेला आहे. चादरीचं वर्णन इंग्रजीत लिहिणाऱ्याने हे वाक्य पाठच करावं. या खोलीत ‘इज रनिंग’ चालत नाही, कारण रस्ता आज जातो आणि उद्या थांबतो असं होत नाही. कायम साधा वर्तमानकाळ.

एक पाचवी, छोटी कोठीची खोली आहे. ‘रन’नंतर लगेच विशेषण आलं, तर त्याचा अर्थ नुसता ‘होणे’ उरतो. “द बोअरवेल रॅन ड्राय”, बोअर आटली. “वी आर रनिंग शॉर्ट ऑफ यार्न”, सूत कमी पडतंय. “स्टॉक इज रनिंग लो”, साठा संपत आलाय. “टेंपर्स रॅन हाय”, वातावरण तापलं. इथे धावणं, चालणं शोधत बसू नका. पुढचं विशेषण हाच अर्थ.

पायरी तिसरी: लगेच पुढे कर्म आहे का

मराठीत चालणे वेगळं आणि चालवणे वेगळं. इंग्रजीत दोन्हीला ‘रन’च. “द शॉप रन्स वेल”, दुकान चांगलं चालतं. “शी रन्स द शॉप”, ती दुकान चालवते. सोलापूरकरांना हा भेद समजायला तर दुप्पट सोपं. पूर्व भागातल्या तेलुगू घरात ‘नडुचु’ आणि ‘नडुपु’, कन्नड घरात ‘नडे’ आणि ‘नडेसु’ अशी हीच जोडी असते. आपल्या तिन्ही भाषांनी शब्दाला शेपूट जोडून जे केलं, ते इंग्रजी वाक्यरचनेतून करते.

खूण सोपी आहे. ‘रन’नंतर मध्ये कोणतंही शब्दयोगी अव्यय न येता थेट नाम आलं, तर ‘चालवणे’ घालून बघा. “रन अ मेस”, “रन अ मशीन”, “रन अ क्लास”: तिन्ही बसतात.

मात्र काही नामं अशी आहेत की त्यांच्यासोबत ‘चालवणे’ हास्यास्पद होतं. ही यादी लहान आहे, पण तिथे तर्क चालत नाही, जोडीच लक्षात ठेवायची. “रन अ टेंपरेचर” किंवा “रन अ फीव्हर” म्हणजे अंगात ताप असणे. “रन अ रिस्क”, धोका पत्करणे. “रन अ टेस्ट”, चाचणी घेणे. “रन अ रेड लाइट”, सिग्नल तोडणे. “रन अ स्टोरी”, वर्तमानपत्राने बातमी छापणे. “रन एरंड्स” म्हणजे घरची बाहेरची किरकोळ कामं उरकणे: दळण आणणे, वीजबिल भरणे, कुणाचा निरोप पोचवणे. या शेवटच्याला मराठीत एका शब्दाचा जोड नाही, याचं नवल वाटतं. कामं तर आपणच सगळ्यात जास्त करतो.

कर्मणी रचनेत कर्म पुढे सरकतं आणि तिसरं रूप येतं: “द मेस इज रन बाय अ विमेन्स ग्रुप”, ही खानावळ महिला बचत गट चालवतो. ‘इज रन’ बघून ‘हे चुकलंय, इज रनिंग हवं’ असं म्हणून दुरुस्ती करणारे बरेच असतात. ती दुरुस्ती करू नका.

पायरी चौथी: शेपूट पकडा

‘रन’च्या मागून येणारे ‘आउट’, ‘इनटू’, ‘ओव्हर’, ‘अप’ हे छोटे शब्द अर्थ पार उलटापालटा करतात. सगळ्यांची यादी करण्यात अर्थ नाही, जे रोज लागतात आणि जिथे पाय घसरतो तेवढे घेऊ.

‘रन आउट’: क्रिकेटमध्ये धावचीत. बाजारात संपणे. इथे कर्ता बदलला की रचना बदलते. वस्तू कर्ता असेल तर “द येलो डाय हॅज रन आउट”. माणूस कर्ता असेल तर ‘ऑफ’ हवाच: “वी हॅव रन आउट ऑफ येलो डाय”. ‘ऑफ’ विसरून “वी हॅव रन आउट येलो डाय” लिहिलं, की वाचणारा अडकतो. आणि नुसतं “वी आर रन आउट” लिहिलं तर पूर्ण संघ धावचीत झाला. मुदत संपली, यासाठीही हाच शब्द: “माय पासपोर्ट रन्स आउट इन मार्च”.

‘रन इनटू’ हे शेपूट सगळ्यात बहुरूपी. त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते बघा. नदी आणि नदी: “द सीना रन्स इनटू द भीमा”, सीना भीमेला मिळते, हत्तरसंग-कुडलला जाऊन तो संगम बघताही येतो. गाडी आणि खांब: धडकणे. रक्कम आणि आकडा: “द लॉस रन्स इनटू लॅख्स”, नुकसान लाखांच्या घरात. माणूस आणि अडचण: अडचणीत सापडणे. माणूस आणि माणूस: “आय रॅन इनटू माय टीचर इन नवी पेठ”, नवी पेठेत अचानक सर भेटले. सर रस्त्यात पडले का, असं विचारू नका. तसं झालं असतं तर पुढच्या वाक्यात दवाखाना आला असता.

‘रन ओव्हर’चे चार अर्थ, त्यांतला एक भयंकर. गाडीखाली सापडणे हा तो. बाकीचे साधे: बैठक ठरल्या वेळेपेक्षा लांबली (“द मीटिंग रॅन ओव्हर”), बादली भरून वाहू लागली, यादीवरून एकदा नजर फिरवली (“लेट अस रन ओव्हर द लिस्ट”). यादीच्या बाबतीत घोटाळा नको असेल तर ‘रन थ्रू’ वापरा, अर्थ तोच आणि कुणी मरत नाही.

‘रन डाउन’: बॅटरी उतरणे, माणूस अशक्त होणे, आणि कुणाला नावं ठेवणे. “अ रन-डाउन बिल्डिंग” म्हणजे पडायला आलेली, दुरुस्ती न झालेली इमारत. जोडून लिहिलेला नाम ‘रनडाउन’ मात्र वेगळाच, थोडक्यात आढावा. साहेबांनी “गिव्ह मी अ रनडाउन” म्हटलं, तर घाबरू नये, मुद्दे सांगावेत.

‘रन बाय’वर थोडं थांबूया, कारण कार्यालयीन ईमेलमध्ये तो सारखा येतो आणि मराठी वाचक हमखास चुकीचा लावतात. “द कँटीन इज रन बाय हिम”, कँटीन तो चालवतो. “रन इट बाय हिम”, त्याच्या कानावर घाल, त्याचं मत विचार. फरक कुठे? दुसऱ्या वाक्यात ‘रन’ आणि ‘बाय’ यांच्या मधे ‘इट’ आहे. मधे वस्तू आली की ‘दाखवून घेणे, विचारून घेणे’. मधे काही नसेल आणि आधी ‘इज’ किंवा ‘आर’ असेल, तर ‘चालवणे’.

‘रन अप’: बिल किंवा उधारी साचवणे. “ही रॅन अप अ बिल ऑफ ट्वेल्व्ह थाउजंड”, त्याने बारा हजारांची उधारी करून ठेवली. शिवणकामात घाईघाईने काहीतरी शिवून काढणे. गोलंदाजाचा ‘रन-अप’ नाम आहे, त्याचा उधारीशी संबंध नाही.

‘रन ऑफ’ (हा दोन ‘एफ’वाला ‘off’, ‘रन आउट ऑफ’मधला ‘of’ नव्हे): “रन ऑफ फिफ्टी कॉपीज”, पन्नास प्रती काढ. “रॅन ऑफ विथ द मनी”, पैसे घेऊन पळाला. शेतीच्या पुस्तकात ‘रनऑफ’ म्हणजे जमिनीत न मुरता वाहून जाणारं पावसाचं पाणी.

‘रन फॉर’मध्ये गंमत आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. आपला उमेदवार ब्रिटिशांसारखा उभाच राहतो, पळापळ कार्यकर्त्यांची. पण “द प्ले रॅन फॉर सिक्स मंथ्स” मध्ये नाटक सहा महिने चाललं, आणि “शी रॅन फॉर द बस” मध्ये ती बस पकडायला खरोखरच धावली.

रंगाचा ‘रन’: सोलापूरला सगळ्यात महाग पडणारा अर्थ

टॉवेल, चादर, नॅपकिन यांच्या व्यवहारात रंगाच्या तक्रारी तीन प्रकारच्या असतात. तिन्हींना आपण ‘रंग गेला’ म्हणतो. इंग्रजीत तीन शब्द आहेत आणि चुकीचा शब्द वापरला की चुकीची तपासणी होते.

ओल्या कापडातून रंग सुटून पाण्यात किंवा शेजारच्या कापडावर, पांढऱ्या पट्ट्यावर उतरला, तर तो ‘रन’ किंवा ‘ब्लीड’. “द रेड हॅज रन इनटू द व्हाइट.” कारण बहुतेक वेळा असं, की धाग्यावर न बसलेला जादा रंग धुऊन पूर्ण काढलेला नसतो.

उन्हाने किंवा वारंवार धुण्याने रंग फिका पडला, शेजारच्या कापडाला काही झालं नाही, तर तो ‘फेड’. मराठीत विटणे.

घासल्यावर हाताला, फरशीला, पांढऱ्या कापडाला रंग लागला, तर तो ‘क्रॉक’.

खरेदीदाराची तक्रार वाचताना आधी यातला कोणता शब्द आहे ते बघा. ‘रन’ असेल तर धुण्याची चाचणी. गडद आणि पांढऱ्या कापडाचे तुकडे एकत्र शिवून साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि पांढऱ्या तुकड्यावर डाग आला का ते उजेडात बघा. ‘क्रॉक’ असेल तर कोरडं पांढरं कापड आणि ओलं पांढरं कापड वेगवेगळं घासून बघा. ही घरगुती पडताळणी झाली, प्रमाणपत्रासाठी प्रयोगशाळाच लागते.

न जाणाऱ्या रंगाला इंग्रजीत ‘फास्ट कलर’ म्हणतात. म्हणजे जो रंग ‘फास्ट’ आहे तो ‘रन’ होत नाही! इथला ‘फास्ट’ वेगाचा नाही, पक्केपणाचा. उपवासाचा ‘फास्ट’ आणखी निराळा, पण त्याचं पुराण काढलं तर हा लेख एकादशीपर्यंत चालेल.

आता पहिल्या परिच्छेदातला ‘रनिंग कलर’. ‘रनिंग आयटम’, ‘रनिंग साइझ’, ‘रनिंग डिझाइन’ हे आपल्या बाजारातले शब्द: जे सतत खपतं, जे सध्या मागावर चढलेलं आहे ते. बाजारात खुशाल वापरा. पण पत्रात, कॅटलॉगमध्ये, वेबसाइटवर नको. खप सांगायचा असेल तर “दिस इज वन ऑफ अवर बेस्ट-सेलिंग कलर्स”. कायम तयार होतो असं सांगायचं असेल तर “दिस कलर इज इन रेग्युलर प्रॉडक्शन”. लगेच मिळेल असं सांगायचं असेल तर “वी हॅव दिस कलर इन स्टॉक”. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘रनिंग’ म्हणून आपण तिन्हींची खिचडी करत होतो.

‘रनिंग मीटर’ मात्र अस्सल आहे, बिनधास्त लिहा. पन्हा कितीही असो, लांबीचं माप. घोटाळा होतो तो दर सांगताना. दीड मीटर पन्ह्याचं १०० रनिंग मीटर कापड म्हणजे १५० चौरस मीटर. दराच्या पुढे रनिंग मीटर की चौरस मीटर हे लिहिलं नाही आणि समोरच्याने चौरस मीटर धरला, तर एकाच मालाच्या दोन बिलांत दीडपट फरक पडतो. म्हणून पन्हा आणि माप दोन्ही लिहावं.

आणखी एक. मोजे, बनियन अशा विणीच्या (निटेड) कापडात एक टाका तुटला की शिडीसारखी उभी भेग पडत जाते, तिलाही अमेरिकेत ‘रन’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’. टेरी टॉवेलचं कापड मागावर विणलेलं असतं, त्याचा फास ओढला गेला तरी अशी भेग पडत नाही. त्या दोषाला ‘पुल्ड लूप’ किंवा ‘स्नॅग’ लिहा. ‘रन’ लिहिलंत तर समोरचा रंगाचीच चौकशी करेल.

नाम ‘रन’: थोडक्यात

क्रिकेटचा रन सगळ्यांना येतो, त्याचं क्रियापद चुकतं. मराठीत आपण धावा काढतो, इंग्रजीत त्या ‘स्कोअर’ किंवा ‘मेक’ करतात. सोलापुरात जन्मलेल्या पॉली उमरीगर यांनी १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढल्या, कसोटीतलं भारतीयाचं पहिलं द्विशतक. इंग्रजीत: “उमरीगर स्कोअर्ड टू हंड्रेड अँड ट्वेंटी-थ्री रन्स”. चौकार मारला की कुणी न पळताही चार ‘रन’ मिळतात, म्हणजे मैदानातही हा शब्द धावण्याला बांधलेला नाही.

“आय स्कोअर्ड फिफ्टी रन्स” अभिमानाने सांगा. “आय हॅव द रन्स” फक्त डॉक्टरांना सांगा, तो जुलाब. एवढा फरक एका ‘द’ने पडतो.

‘ट्रायल रन’ आणि ‘ड्राय रन’ यांत भेद आहे. पहिल्यात खरा माल थोड्या प्रमाणात काढून बघतात. दुसऱ्यात माल न काढता फक्त क्रम घोटून बघतात, तालमीसारखं. ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती. ‘अ रन ऑन द बँक’, ठेवी काढायला एकाच वेळी उडालेली झुंबड. ‘इन द लाँग रन’, पुढे जाऊन, कालांतराने. ‘ऑन द रन’ म्हणजे फरार, घाईत असलेल्या माणसाला जपून लावावा. बांधकामाच्या नकाशात जिन्यापाशी ‘राइझ’ म्हणजे पायरीची उंची आणि ‘रन’ म्हणजे पाय ठेवायच्या आडव्या जागेची खोली. इथे उलट वाचलं तर जिना चढताना कळतं.

‘रन-ऑफ-द-मिल’ हा शब्दप्रयोग गिरणगावच्या माणसाला लगेच पटेल. गिरणीतून निघालेला, प्रत लावून निवडलेला नाही असा सरसकट माल, म्हणून साधारण, नेहमीचा. कौतुक करायच्या जागी हा वापरू नका, ‘गिरणीचा ताजा माल’ असा त्याचा अर्थ नाही.

‘रनिंग’चं एक रूप जागेवरून ओळखायचं. “थ्री डेज रनिंग”, सलग तीन दिवस. इथे तो दिवसांच्या मागून येतो. “पाणी सलग तीन दिवस आलं” हे इंग्रजीत लिहायची संधी सोलापुरात क्वचित येते, पण आली तर ‘रनिंग थ्री डेज’ लिहू नका.

पायरी पाचवी: वाक्य मराठीत बोलून बघा

शेवटची कसोटी कानाची. ठरवलेला अर्थ घालून वाक्य मोठ्याने मराठीत बोला. कानाला खटकलं तर सगळं पुन्हा करू नका, आधी शेपूट तपासा. चूक बहुतेक तिथेच सापडते. शब्दकोश उघडायचाच तर शिकणाऱ्यांसाठीचा, क्रमांकवार अर्थ आणि उदाहरणं असलेला घ्या. शेपूटवाले प्रकार त्यात नोंदीच्या शेवटी असतात, म्हणून तळापासून वर वाचत जा. वहीत शब्द आणि अर्थ अशी दोन रकान्यांची यादी करू नका. अख्खं वाक्य लिहा, त्याखाली मराठी वाक्य. दिवसाला तीन वाक्यं पुष्कळ झाली, दहा लिहिलीत तर आठवड्याभरात वही माळ्यावर जाईल.

आता हे पत्र सोडवा. टॉवेलच्या खरेदीदाराचं आहे असं समजा:

“वी रॅन अ वॉश टेस्ट ऑन युवर सॅम्पल्स. द रेड रॅन इनटू द व्हाइट बॉर्डर. अवर स्टॉक इज रनिंग लो, सो प्लीज रन अ स्मॉल ट्रायल धिस वीक. इफ द एक्स्ट्रा कॉस्ट रन्स टू मोअर दॅन फाइव्ह परसेंट, रन इट बाय मी फर्स्ट.”

सहा वेळा ‘रन’. पहिला: कर्ता माणसं, पुढे थेट कर्म ‘टेस्ट’, जोडीतला अर्थ, चाचणी घेतली. दुसरा: कर्ता रंग, द्रवाची खोली, शेपूट ‘इनटू’, लाल रंग पांढऱ्या काठात उतरला. तिसरा: पुढे विशेषण, म्हणून ‘होणे’, साठा संपत आलाय. चौथा: थेट कर्म, थोडा माल काढून बघा. पाचवा: रक्कम आणि ‘टू’, खर्च पाच टक्क्यांच्या वर जात असेल तर. सहावा: मधे ‘इट’, म्हणून आधी माझ्या कानावर घाला.

उत्तर लिहिताना सहाही ‘रन’ परत पाठवायची गरज नाही, जिथे नेमका बसतो तिथेच ठेवा: “वी आर सॉरी दॅट द रेड हॅज रन. वी विल वॉश ऑफ द एक्सेस डाय अँड रन अ ट्रायल ऑफ फिफ्टी पीसेस बाय फ्रायडे. द एक्स्ट्रा कॉस्ट विल बी अंडर फाइव्ह परसेंट.” पहिल्या वाक्यात ‘हॅज’नंतर ‘रन’ आहे, ‘रॅन’ नाही, हे पाठवण्याआधी एकदा बघून घ्या.